हेसेद, नेफेश, पीम : जुन्या करारातील हिब्रू शब्दांचा अर्थ कसा लावावा?

शब्दवेल्हाळ :

बायबलचा पहिला भाग असलेला जुना करार मराठीतून वाचणारे अनेक जण एखाद्या शब्दापाशी अडले की आता थेट हिब्रू पाहू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मोबाइलवर शब्दाला बोट लावले की एक क्रमांक दिसतो, क्रमांकाला बोट लावले की पाच-सात अर्थांची यादी उघडते, आणि त्यांतला मनाजोगा अर्थ उचलून ‘मूळ हिब्रूत याचा खरा अर्थ असा आहे’ असे लिहून मोकळे होता येते. अडचण इथेच सुरू होते. हा धागा काढण्यामागे माझे म्हणणे एवढेच आहे की शब्दाचा अर्थ त्या क्रमांकात नसतो आणि शब्दाच्या धातूतही नसतो. तो शब्द ज्या वाक्यांत आला आहे ती वाक्ये काढून एकेक करून वाचल्याखेरीज अर्थ हाती लागत नाही.

आधी त्या क्रमांकाविषयी. जेम्स स्ट्राँग या अमेरिकी अभ्यासकाची शब्दसूची १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलमधला कोणताही शब्द कुठल्या वचनात आहे ते चटकन सापडावे, हा तिचा मुख्य हेतू होता. त्या इंग्रजी शब्दामागे मूळ शब्द कोणता हे कळावे म्हणून स्ट्राँग यांनी हिब्रू व अरामी शब्दांना १ ते ८६७४ असे क्रमांक दिले. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शब्दांची जी रांग असते, ती १६११ च्या अनुवादकांनी त्या हिब्रू शब्दासाठी ठिकठिकाणी कोणकोणते इंग्रजी शब्द योजले याची निव्वळ जंत्री आहे. लोक तिलाच शब्दार्थ समजतात, आणि मग एकाच वचनात त्या साऱ्या छटा एकदम कोंबल्या जातात. ज्याला खरोखर कोश हवा आहे त्याने गेझेनियस या जर्मन कोशकाराच्या परंपरेतला, ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज या तिघांनी सिद्ध केलेला १९०६ चा कोश उघडावा. तो आज जुना झाला आहे, तरी प्रत्येक अर्थासमोर वचने देतो आणि ती उलगडून पाहायला भाग पाडतो.

उदाहरणासाठी ‘हेसेद’ हा शब्द घेऊ. त्यातले पहिले अक्षर घशातून काढायचे, आपल्या ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधले. जुन्या करारात हा शब्द सुमारे अडीचशे वेळा येतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा वापर एकट्या स्तोत्रसंहितेत आहे. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही वचनांचा उत्तरार्ध तोच आहे : ‘की लेओलाम हस्दो’ (हस्दो म्हणजे त्याचे हेसेद), मराठीत ‘त्याची दया सनातन आहे’. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक अनुवादात या जागी ‘एलेओस’ आला, जेरोमच्या लॅटिनमध्ये ‘मिझेरिकॉर्दिया’ आला, आणि या दोन्ही शब्दांत दुःखिताविषयीचा कळवळा ठळक आहे. १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेल याला इंग्रजीत एक शब्द पुरेना, तेव्हा त्याने प्रेम आणि दयाळूपणा यांचा जोडशब्द वापरला. मराठीतली ‘दया’ त्याच वळणावरची आहे.

आता रूथचे पुस्तक उघडून पाहा. तिसऱ्या अध्यायात खळ्यावर, रात्रीच्या वेळी, बवाज रूथला म्हणतो की तुझे हे नंतरचे हेसेद पहिल्यापेक्षाही चांगले आहे, कारण तू गरीब वा श्रीमंत अशा कोणा तरुणाच्या मागे गेली नाहीस. इथे ‘दया’ घालून वाचून पाहावे. रूथ परदेशी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. ती कोणावर दया करणार? तिने केले ते वेगळेच आहे. नवरा मेला तेव्हाच सासूशी असलेले तिचे नाते व्यवहाराच्या दृष्टीने संपले होते, माहेरी परत जा असे खुद्द नामीने सांगितले होते, तरी ती त्या घराला धरून राहिली आणि पुढे लग्नाचा विचार करतानाही तिने त्या घराचे नाव टिकेल अशीच वाट धरली. पहिल्या अध्यायात नामी सुनांना निरोप देताना हाच शब्द वापरते : तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसे हेसेद केलेत तसेच परमेश्वर तुमच्याशी करो. मेलेल्यांशी केलेली ही गोष्ट कळवळ्यात बसत नाही. ती नाते निभावण्यात बसते.

वाक्यरचनाही बारकाईने पाहण्यासारखी आहे. हिब्रूत हेसेद बहुधा ‘केले’ जाते, आणि ते कोणा‘वर’ न होता कोणा‘शी’ होते, म्हणजे ‘आसा हेसेद इम’ अशी रचना येते. याकोब मरणाच्या दारात असताना आपल्या मुलाला, योसेफाला, म्हणतो की माझ्याशी हेसेद आणि एमेत (सचोटी) कर, मला मिसर देशात पुरू नकोस. दावीद शौल राजाच्या मुलाकडे, योनाथानाकडे, हेसेद मागतो आणि पुढे राजा झाल्यावर, शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे काय, मला योनाथानासाठी त्याच्याशी हेसेद करायचे आहे, असे विचारून योनाथानाच्या लंगड्या मुलाला, मफीबोशेथाला, आपल्या पंक्तीला बसवतो. ही सगळी वचने एका कागदावर उतरवली की लक्षात येते की हेसेद ही मनातली भावना असण्यापेक्षा हातून घडणारी गोष्ट अधिक आहे, आणि ती बहुतेकदा आधीपासून असलेल्या नात्याच्या आत घडते.

नेल्सन ग्लुक यांनी १९२७ च्या आपल्या जर्मन प्रबंधात हेसेद म्हणजे कराराने बांधलेल्या दोन पक्षांचे परस्परांविषयीचे कर्तव्य, असे मांडले. पुढे कॅथरीन साकेनफेल्ड यांनी १९७८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती सुचवली. ज्याच्याकडे हेसेद मागितले जाते तो सहसा वरचढ असतो, मागणाऱ्याला दुसरा आधार नसतो, आणि नकार दिला तरी त्याला कोणी जाब विचारणार नसतो; तरीही तो नात्याला जागतो. मला साकेनफेल्ड यांचे म्हणणे अधिक पटते, कारण याकोब-योसेफ प्रसंग नेमका तसाच आहे. मेलेल्या बापाला दिलेला शब्द मिसरच्या अधिकाऱ्याने मोडला असता, तर विचारायला कोण येणार होते?

अर्थात अडीचशे वचने एकाच साच्यात बसत नाहीत. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात, सर्व मनुष्यजाती गवत आहे आणि तिचे सर्व हेसेद रानफुलासारखे आहे, असे येते. तिथे ग्रीक अनुवादकांनी ‘वैभव’ या अर्थाचा शब्द घातला, कोणी ‘शोभा’ घालतात, कोणी ‘टिकाऊपणा’. लेवीय विसाव्या अध्यायात तर बहीण-भावाच्या निषिद्ध संबंधाला ‘हेसेद’ म्हटले आहे आणि तिथे अर्थ आहे लाजिरवाणी गोष्ट. कोशकार तो निराळाच, उच्चाराने सारखा शब्द मानतात. क्रमांकावर विसंबणाऱ्याची इथे फजिती होते.

सभासदांना माझा प्रश्न असा आहे की मराठीत या शब्दाला जवळचा कोणता शब्द सुचतो? दया, कृपा, वात्सल्य, प्रेमदया, निष्ठा यांपैकी एकही मला सर्व ठिकाणी चालेलसा वाटत नाही.

निरुक्तप्रेमी :

धाग्याचा विषय आवडला. धातूवरून अर्थ काढण्याचा मोह आपल्याकडे हिब्रूच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्यावरचा उताराही आपल्याकडेच आहे. ‘योगाद्रूढिर्बलीयसी’, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान असते, हे वचन संस्कृत शिकणाऱ्याला सुरुवातीलाच ऐकायला मिळते. ‘कुशल’ म्हणजे दर्भ कापून आणणारा आणि ‘मंडप’ म्हणजे पेज पिणारा, अशा व्युत्पत्ती शास्त्रग्रंथांत दाखवल्या जातात त्या एवढ्याचसाठी, की व्युत्पत्ती सांगता आली म्हणून अर्थ कळला असे होत नाही. तुमच्या घरच्या मंडपात कोणी पेज शोधायला येत नाही.

हिब्रूच्या बाबतीत हेच काम १९६१ मध्ये जेम्स बार यांनी केले. त्यांच्या आधीच्या पिढीतले मोठमोठे धर्मपंडित, हिब्रू माणूस असा विचार करतो आणि ग्रीक माणूस तसा विचार करतो, हे शब्दांच्या धातूंवरून सिद्ध करत असत. बार यांनी ती पद्धतच मोडीत काढली. त्यांचे एक उदाहरण फार बोलके आहे. ‘लेहेम’ म्हणजे भाकर आणि ‘मिल्हामा’ म्हणजे युद्ध, या दोन्ही शब्दांत ल-ह-म हीच तीन व्यंजने आहेत. म्हणून भाकरीसाठी युद्धे होतात असा काही गहन हिब्रू विचार त्यात दडला आहे, असे म्हणायचे काय? त्यात भर म्हणून अरबीतला ‘लह्म’ पाहा. तो याच शब्दाचा भाऊ आहे आणि त्याचा अर्थ मांस असा आहे. मूळ शब्दाचा अर्थ कदाचित नुसते ‘मुख्य अन्न’ असा असेल आणि दोन समाजांत तो दोन दिशांना गेला असेल. पण अरबीवरून हिब्रूचा अर्थ ठरवला असता तर बेथलेहेमात खाटीकखाना उघडावा लागला असता.

प्रश्नांकित :

दोन्ही प्रतिसाद वाचले, तरी एक शंका उरतेच. हिब्रू ही तीन व्यंजनांच्या धातूंवर उभी असलेली भाषा आहे, त्यामुळे तिथे धातू आणि शब्द यांचे नाते मराठीपेक्षा घट्ट असणार. क-ब-द या धातूवरून ‘जड’, ‘सन्मान करणे’, ‘वैभव’ आणि ‘यकृत’ असे सारे शब्द निघतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध दिसतोही. मग धातू पूर्णपणे बाजूला ठेवायचा, हा दुसऱ्या टोकाचा आग्रह होत नाही काय?

दुसरा प्रश्न ‘नेफेश’विषयी आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला आणि मनुष्य ‘नेफेश हाय्या’ झाला, असे आहे. याला आत्मा म्हणावे की नाही?

शब्दवेल्हाळ :

प्रश्नांकित, धातू फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. धातू अर्थाची शक्यता सुचवतो आणि ती वाक्यात तपासावी लागते. निर्गमात फारोचे मन ‘कावेद’ झाले, म्हणजे जड झाले, असे येते. पुढे त्याच पुस्तकात आईबापांना ‘काब्बेद’ म्हणजे मान दे, अशी आज्ञा येते. आणि देवाचा ‘कावोद’ डोंगरावर उतरतो. लेखकाने हे जाणूनबुजून जुळवले आहे की शब्द आपसूक आले आहेत, हे त्या त्या उताऱ्याच्या बांधणीवरून ठरेल. कवितेत लेखक अशा गोष्टी पुष्कळदा मुद्दाम करतो. वंशावळीत किंवा मोजमापांच्या यादीत क्वचितच. रूपाचाही प्रश्न असतो. स-फ-र हा धातू साध्या रूपात ‘मोजणे’ असा अर्थ देतो आणि ‘पिएल’ या रूपात ‘सांगणे, कथन करणे’ असा. क्रियापदाची अशी प्रमुख रूपे सात आहेत. रूप न पाहता धातूचा अर्थ सांगणारा माणूस अर्धेच वाक्य वाचत असतो.

‘नेफेश’ या शब्दाने मात्र मराठी वाचकाला खरे तर मोठी सवलत दिली आहे आणि आपण ती वापरत नाही. हा शब्द साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. यशयाच्या पाचव्या अध्यायात अधोलोक आपला ‘नेफेश’ पसरतो आणि तोंड आ वासतो; तिथे अर्थ सरळसरळ घसा असा आहे. ६९ व्या स्तोत्रात, देवा, मला वाचव, कारण पाणी माझ्या ‘नेफेश’पर्यंत चढले आहे, असे आहे. नीतिसूत्रांत खादाड माणसाला ‘नेफेशाचा धनी’ म्हटले आहे. लेवीय सतराव्या अध्यायात देहाचा ‘नेफेश’ रक्तात असतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘नेफेश हाय्या’ हेच दोन शब्द पाण्यातल्या जीवजंतूंसाठी आणि गुराढोरांसाठी आलेले आहेत, त्यामुळे दुसऱ्या अध्यायात त्यांच्यावरून माणसाचे वेगळेपण सिद्ध करता येत नाही. आणि गणना सहाव्या अध्यायात नाजीराने, म्हणजे देवाला नवस केलेल्या माणसाने, ‘नेफेश मेत’ जवळ जाऊ नये असे आहे, तिथे अर्थ प्रेत असा आहे. आत्मा अमर, देह नाशवंत, हा जो विचार ‘आत्मा’ म्हणताक्षणी मराठी मनात उभा राहतो, तो ‘मेलेला नेफेश’ या शब्दजोडीपाशी अडतो.

आता ‘जीव’ घालून बघा. जीव कंठाशी आला, जीव गेला, अमुक गोष्टीवर जीव आहे, पोटात चार जीव आहेत, काम जीवावर आले. श्वास, प्राण, इच्छा, व्यक्ती, प्राणी असा जवळजवळ सगळा पट मराठीत त्या एका शब्दाने भरतो. ६९ व्या स्तोत्राला तर ‘पाणी गळ्याशी आले’ याहून चांगले मराठी सापडणार नाही. प्रेताच्या ठिकाणी तेवढा ‘जीव’ चालत नाही, हे मान्य आहे.

अष्टागर :

मी रायगडच्या किनाऱ्यावरचा आहे आणि आमच्या भागातील बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाच्या इतिहासाशी या विषयाचा जवळचा संबंध आहे, म्हणून लिहितो. मराठीतून हिब्रू शिकवण्याची सुरुवात नवी नाही. जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी १८३२ मध्येच मुंबईत मराठी भाषेतून हिब्रूचे प्राथमिक व्याकरण छापले होते, कारण त्यांच्यापुढे मराठी हीच मातृभाषा असलेले यहुदी विद्यार्थी होते. पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी हिब्रू आणि मराठीत शेजारी शेजारी छापून १८७४ मध्ये पुण्याला निघाली; तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्याच पेहरावात आहेत.

त्या वल्हांडणाचेच उदाहरण देतो. सणाचे नाव ‘पेसाह’. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात क्रियापद आहे ‘पासाह’, आणि देव रक्त लावलेली घरे ‘ओलांडून’ गेला, असा अर्थ सर्वत्र रूढ आहे; मराठीतला ‘वल्हांडण’ त्यातूनच आला. पण यशया एकतिसाव्या अध्यायात देव यरुशलेमेचे रक्षण कसे करील, तर पक्षी पिलांवर घिरट्या घालतात तसे, असे सांगताना रक्षण, सुटका आणि बचाव या क्रियापदांच्या रांगेत हेच क्रियापद येते. तिथे ओलांडून जाणे बसत नाही. आड उभे राहून वाचवणे बसते. तो अर्थ निर्गमात नेला तर चित्रच बदलते : देव दार टाळून पुढे जात नाही, तर नाश करणाऱ्याला दारातच थोपवतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आणखी तिसराच प्रकार आहे, कारण तिथे हेच अक्षरसमूह लंगडण्यासाठी वापरले आहेत. ग्रीक अनुवादकांचीही इथे द्विधा झालेली आहे. निर्गमाच्या त्याच बाराव्या अध्यायात त्यांनी एका ठिकाणी ‘आच्छादणे’ या अर्थाचे क्रियापद वापरले आहे.

गंमत अशी की कोकणातल्या जुन्या बेने इस्राएलांनी या वादात न पडता सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ असे स्वतःचे नाव दिले होते. आंबवलेल्या आंबट पदार्थाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, त्यावरून ते नाव पडले. ग्रंथ हाताशी नसताना आचाराने सण जपला, आणि नावही आचारावरूनच दिले.

माळरान :

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, परंतु सामान्य वाचकाने याचे काय करायचे, असा माझा सरळ प्रश्न आहे. तीन-चार अनुवाद शेजारी ठेवून वाचले तर काम भागते, असा माझा अनुभव आहे. एका प्रवचनकारांनी आमच्याकडे आठवडे-आठवडे ‘मूळ हिब्रूत असे आहे’ असे सांगत एकेका शब्दातून वाटेल ते काढले, आणि ऐकणाऱ्यांना हिब्रू येत नसल्यामुळे विचारण्याची सोय राहिली नाही. अशा वेळी ही शब्दविद्या वाचकाच्या हाती काही देते, की त्याच्या हातचे काढून घेते?

शब्दवेल्हाळ :

माळरान, तीन-चार अनुवाद शेजारी ठेवण्याची तुमची पद्धत उत्तमच आहे, आणि हिब्रू न शिकलेल्याने आधी तेच करावे. अनुवाद एकमेकांशी जिथे जुळत नाहीत, तिथेच मूळ पाठात काहीतरी गाठ आहे असे समजावे. मात्र ती गाठ सुटते कशी, हे कळण्यासाठी एक प्रसंग सविस्तर सांगतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, पलिष्टी या शेजारच्या शत्रूंनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता, त्यामुळे नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे, असे सांगितले आहे. एकविसाव्या वचनात ‘पीम’ असा शब्द येतो, आणि तो संपूर्ण जुन्या करारात दुसरीकडे कुठेही नाही. १६११ च्या इंग्रजी अनुवादकांनी तिथे ‘कानस’ असे लिहिले, म्हणजे लोकांकडे हत्यारे घासायला कानस तेवढी होती. संदर्भावरून केलेला तो अंदाज होता, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पॅलेस्टाइनमधल्या उत्खननांत लहान, घुमटाकार, घोटीव दगड सापडू लागले आणि त्यांच्यावर जुन्या हिब्रू लिपीत हाच शब्द कोरलेला होता. ती वजने होती. त्यांचा भार साडेसात ते आठ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे शेकेल या त्या काळच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश. वचनाचा अर्थ एकदम उघडा पडला : फाळ पाजवण्याचा दर एक पीम चांदी असा होता. पलिष्टी शेतकऱ्यांकडून दाम वसूल करत होते, आणि ज्याला आपण शतकानुशतके हत्यार समजत होतो तो धार लावण्याचा भाव निघाला. हे ना धातूवरून कळले असते ना क्रमांकावरून.

दुसरी गोष्ट स्वरांची आहे. हिब्रू हस्तलिखितांत मुळात व्यंजनेच लिहिली जात. आज छापील ग्रंथांत दिसणारी स्वरचिन्हे मसोरा या, ग्रंथाचा पाठ जपणाऱ्या यहुदी परंपरेच्या पंडितांनी इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान घातली, आणि त्या पद्धतीचे सर्वांत जुने संपूर्ण हस्तलिखित सन १००८ च्या सुमाराचे आहे. उत्पत्ती ४७ मध्ये म्हातारा याकोब ‘मित्ता’च्या, म्हणजे पलंगाच्या, उशाकडे नमला असे आपण वाचतो. त्याच व्यंजनांना ग्रीक अनुवादकांनी ‘मात्ते’ असे वाचले, म्हणजे काठी. म्हणूनच नव्या करारात, इब्री लोकांस पत्रात, याकोब आपल्या काठीच्या टोकावर टेकून नमन करतो. दोन्हीपैकी एकावरही खोटेपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. प्रवचनकारांना विचारायचे झाले तर हिब्रू येण्याची गरज नाही. ‘हा शब्द आणखी कुठे आला आहे आणि तिथे तुम्ही सांगता तो अर्थ बसतो का?’ एवढे विचारणे पुरे आहे. ज्याने खरोखर वचने वाचली असतील त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.

प्रश्नांकित :

याच कसोटीवर यशया ७:१४ मधला ‘अल्मा’ तपासता येईल काय? तरुणी की कुमारी, यावर भांडणे झाली आहेत.

निरुक्तप्रेमी :

तपासता येईल, पण निकाल लागणार नाही. हा शब्द जुन्या करारात दहापेक्षा कमी वेळा येतो. निर्गमात बाळ मोशेची बहीण ‘अल्मा’ आहे, उत्पत्तीत विहिरीवर येणारी रिबका ‘अल्मा’ आहे, आणि याच शब्दाचे पुल्लिंगी रूप ‘एलेम’ तरुण मुलासाठी शमुवेलात येते. वयाकडे बोट दाखवणारा हा शब्द आहे, असे यावरून म्हणता येते. कौमार्यासाठी हिब्रूत ‘बेतुला’ हा अधिक जवळचा शब्द आहे. परंतु त्या काळच्या समाजात अविवाहित तरुणी कुमारीच असणार हे गृहीत होते, आणि ग्रीक अनुवादकांनी ख्रिस्ताच्या जन्माआधीच या जागी ‘पार्थेनोस’ लिहिले होते, हेही तितकेच खरे. १९५२ मध्ये एका नव्या इंग्रजी अनुवादाने ‘तरुणी’ असे छापले तेव्हा अमेरिकेत त्या पानाची होळी करण्यापर्यंत मजल गेली. इतक्या थोड्या वचनांवर शब्दकोशाने एवढा भार पेलावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. तिथे भविष्यवाणी कशी वाचायची हा निराळा प्रश्न आहे, आणि तो शब्दाच्या आडून सोडवू नये.

भीमथडी :

मराठीच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून घेतो. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. हे काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाले, छपाईही तिथल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. जिला पाठांतराने हजारो श्लोक येत होते, तिने कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी साधी मराठी जाणूनबुजून निवडली, हे या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संस्कृतातला भारदस्त शब्द आणला की त्याच्याबरोबर त्याचा सारा तत्त्वज्ञानाचा गोतावळाही येतो. वर ‘आत्मा’ आणि ‘जीव’ यांच्याविषयी जे लिहिले गेले, तो प्रश्न त्यांच्यापुढेही रोज उभा राहत असणार.

हेसेदविषयी माझी सूचना ‘इमान’ अशी आहे. शब्द अरबीतून आला असला तरी आता पुरता मराठी आहे. दावीद योनाथानाच्या इमानाला जागला, रूथ सासरच्या घराशी इमान राखून राहिली, ही वाक्ये कानाला खटकत नाहीत, आणि इमान कोणा‘शी’ राखले जाते, त्यामुळे तुम्ही सांगितलेली वाक्यरचनाही तशीच राहते.

शब्दवेल्हाळ :

भीमथडी, ‘इमान’ फार चांगला सुचवलात. कथाभागात तो बहुतेक ठिकाणी चालेल. अडचण स्तोत्रांत येते, कारण १०३ व्या स्तोत्रात हेसेद हे बापाच्या मायेशेजारी आणि पापांच्या क्षमेशेजारी उभे आहे, आणि इमानात क्षमा बसत नाही. तिथे मला ‘माया’ हा घरगुती शब्द घ्यावासा वाटतो, पण वेदान्ताने त्याचीही वाट अडवून ठेवली आहे. कदाचित कथेत एक आणि स्तोत्रात दुसरा असे दोन शब्द वापरावे लागतील. मात्र मग होशेय ६:६ मधले ‘मला यज्ञ नको, हेसेद हवे’ हे वाक्य कोणत्या बाजूला टाकायचे, यावर मी अजून अडलेलो आहे. इमान म्हटले तर देवाशी एकनिष्ठा असा अर्थ होतो, आणि दया म्हटले तर माणसांशी वागणूक असा. होशेयाने त्याच ओळीच्या उत्तरार्धात ‘देवाचे ज्ञान’ हा जोडीदार दिला आहे. हिब्रू कवितेत उत्तरार्ध पूर्वार्धाला उजाळा देतो, त्या न्यायाने पारडे ‘इमाना’कडे झुकते, असे मला वाटते.

अष्टागर :

एक छोटी पुरवणी. इस्राएलमधल्या दिमोना येथे राहणारे आमचे परिचित रोज हिब्रू बोलतात, आणि आजची हिब्रू येते म्हणजे जुन्या करारातला संदेष्टा यहेज्केल समजतो, असा समज तिकडेही आढळतो. यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायात अग्नीच्या मध्यातून ‘हश्मल’ चमकताना दिसते; प्राचीन ग्रीक अनुवादात तिथे सोन्याचांदीचा मिश्रधातू किंवा तृणमणी असा अर्थ देणारा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात हा जुना शब्द विजेसाठी घेतला गेला, आणि आज तिथे घरी येणारे विजेचे बिल ‘हश्मल’चेच असते. त्यावरून संदेष्ट्याला वीजनिर्मितीचे दर्शन झाले होते, असे सांगणारे चित्रफितींतून भेटतात.

प्रश्नांकित :

शेवटची शंका विचारतो. ईयोब २:९ मध्ये त्याची बायको ‘देवाला शाप दे आणि मर’ असे म्हणते, पण मी क्रमांक पाहिला तर तिथे ‘बारेख’ म्हणजे आशीर्वाद देणे, धन्यवाद देणे, असे दिसते. अनुवादकांनी नेमके उलटे का लिहिले?

निरुक्तप्रेमी :

अनुवादकांनी बरोबर लिहिले आहे. मराठी माणसाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज पडू नये, कारण आपल्याकडे बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणतात आणि घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. देवाचे नाव आणि शाप हे शब्द शेजारी शेजारी लिहायचे नाहीत, म्हणून तिथे उलटा शब्द घातला आहे. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात तो मुलांसाठी होमार्पणे करतो, कारण त्यांनी मनात देवाला ‘बारेख’ केले असेल अशी त्याला भीती वाटते. आशीर्वाद दिल्याबद्दल प्रायश्चित्त कोणी घेत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, नाबोथाने देवाला आणि राजाला ‘बारेख’ केले असे खोटे साक्षीदार सांगतात आणि त्याबद्दल त्याला दगडमार होतो. तिन्ही ठिकाणी अर्थ संदर्भाने ठरला आहे.

हा शब्द मूळ लेखकानेच असा लिहिला, की नंतरच्या नकलाकारांनी भीडेखातर बदलला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ईयोबाच्या बाबतीत माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण पहिल्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात सर्वस्व गमावलेला ईयोब परमेश्वराच्या नावाला खरोखरच ‘बारेख’ करतो, आणि सैतानाने त्याआधी नुकतेच त्याच शब्दाने उलटे भाकीत केलेले असते. जेरोमने आपल्या लॅटिन अनुवादात बायकोच्या तोंडी ‘देवाला धन्य म्हण आणि मर’ असेच शब्द ठेवले आणि त्यातला उपरोध वाचकावर सोपवला. ग्रीक अनुवादात मात्र ती पोटची मुले गमावलेली, दारोदार मजुरी करणारी बाई आधी कितीतरी वेळ बोलते आणि मग हे वाक्य उच्चारते. हिब्रूत तिला अवघी सहा शब्दांची जागा मिळाली आहे.